ट्रॉम्बोनचा स्लो पीस: लय, पट्टी आणि बाकीच्या भानगडी

3 जानेवारी

आजपासून लिहून ठेवायला सुरू करतो, नाहीतर दोन वर्षं झाली हे नुसतं डोक्यातच फिरतंय. ठरलंय ते एवढंच, सोलो ट्रॉम्बोन, मागे ऑर्केस्ट्रा, चार-साडेचार मिनिटं आणि स्लो म्हणजे खरंच स्लो. ऑर्केस्ट्रा लॅपटॉपातला, म्युझस्कोअरमध्ये लिहायचा आणि रीपरमध्ये मिक्स करायचा. स्ट्रिंग्ज, दोन हॉर्न, टिंपनी, शेवटाकडे एक बास ट्रॉम्बोन. पण सोलो मात्र खऱ्या माणसानं वाजवलेला पाहिजे, त्यात तडजोड नाही.

आणि माणूस सापडलाय की! आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेतले बँडचे मास्तर. लहानपणी वरातीत सगळे ट्रम्पेटवाल्याकडे बघायचे, मी मात्र मागच्या त्या लांब नळीवाल्याकडे, ट्रॉम्बोनवाल्याकडे, बघत चालायचो, नळी पुढं गेली की आपल्याला लागते का काय असं वाटायचं. तेच हे मास्तर. सध्या पौष चालू आहे, लग्नं नाहीत, त्यामुळं ते मोकळे. माघ लागला की परत सापडणार नाहीत, म्हणजे माझ्याकडं मोजून थोडेच दिवस आहेत.

5 जानेवारी

पट्टी ठरवली, काळी पाच, मायनर. म्हणजे बी फ्लॅट मायनर. डोकं असं चालवलं की ट्रॉम्बोन मुळात काळी पाचचंच वाद्य आहे, नळी पूर्ण आत असली की फुंकल्यावर त्याच पट्टीचे सूर निघतात, मग वाजवणाऱ्याला सोपं जाणार. शिवाय पाच कोमल चिन्हं असली की व्हायोलिन-चेलोच्या मोकळ्या तारा जवळपास कुठंच लागत नाहीत, आवाज दबका आणि काळसर येतो. मला तेच हवं होतं.

मूडच्या रकान्यात लिहिलं: दुःखी.

आईला आठ बारचं ऐकवलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कोण गेलं रे?"

मला वाटलं जमलं!

6 जानेवारी

टेम्पो 48, म्हणजे मिनिटाला 48 मात्रा. चार मात्रांचा बार, म्हणजे एक बार 5 सेकंदांचा. लॅपटॉपमधला ट्रॉम्बोन काय सुंदर वाजतोय, चार-चार बारची एकेक ओळ, मधे कुठंही खंड नाही.

9 जानेवारी

मास्तरांकडं पहिल्यांदा गेलो. बँडची खोली म्हणजे दहा बाय बारा, भिंतीला खुंट्यांवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल, वर फळीवर युफोनियम. चहा झाला, मग मी लॅपटॉप उघडून ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"हा मधे श्वास कुठं घेतोय?"

मी गप्प. चार बार म्हणजे 20 सेकंद होतात हे मी मोजलंच नव्हतं, कारण लॅपटॉपाला फुप्फुसं नाहीत. मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो. मधल्या सप्तकात हळू आवाजात एक सूर त्यांनी 17 सेकंद धरला, वयाच्या मानानं लईच झालं हे. पण तोच खाली मंद्रात आणि जोरात घ्यायला सांगितला तर 8 सेकंदांत संपलं. ट्रॉम्बोनला हवा भरपूर लागते, त्यात खाली जाल तितकी जास्त, जोरात वाजवाल तितकी अजून जास्त. म्हणजे माझी जी सगळ्यात भारी ओळ होती, खालून वर चढत जाणारी, चार बार, फोर्टे म्हणजे जोरात, ती जगात कुणी एका दमात वाजवेल असं वाटत नाही.

मास्तर म्हणाले, "लय ठरवायची तर आधी दम बघावा लागतो बाळा, गाणाऱ्याचा असू दे नाहीतर फुंकणाऱ्याचा." मग बिडी पेटवली. दमाबद्दल बोलताना बिडी, मी काही बोललो नाही.

14 जानेवारी

आज सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. काम शून्य. सगळं शहर संमती कट्ट्याकडं, सात नंदीध्वज, मास्तरांचा बँड पण मिरवणुकीत. एकच नोंद: गर्दीत लांबून येताना ट्रम्पेट आणि हलगी आधी ऐकू येतात, ट्रॉम्बोन जवळ आल्याशिवाय कळतच नाही, पण एकदा जवळून गेला की छातीत वाजतो. मिक्स करताना हे लक्षात ठेवायचं.

17 जानेवारी

आज खरी गोची झाली.

मास्तरांना स्टाफ नोटेशन येत नाही, म्हणून रात्री बसून सगळं सरगममध्ये लिहून नेलं, कोमलाखाली आडवी रेघ, मात्रांना खाली कंस, शाळेत पेटीच्या क्लासला शिकलो होतो तसंच. ते त्यांनी सरळ वाचलं. पण पाचव्या ओळीला अडकले. तिथं कोमल धैवतावरून पंचमावर मींड आहे, म्हणजे सूर न तोडता घसरत जायचं, माझ्या मते सगळ्या पीसचा जीव तिथं आहे.

तर भानगड अशी. ट्रॉम्बोनच्या नळीच्या सात जागा, पोझिशन म्हणतात. नळी पूर्ण आत ती पहिली, पूर्ण बाहेर ती सातवी, आणि प्रत्येक जागेला सूर अर्ध्या सुरानं उतरतो. आता एकाच जागेवर ओठ आवळून वेगवेगळे सूर निघतात, पण मींड घ्यायची तर ओठ तसेच ठेवून फक्त नळी सरकवायची असते, म्हणजे दोन्ही सूर ओठांच्या एकाच ओळीत सापडायला पाहिजेत. काळी पाचमध्ये माझा कोमल धैवत पाचव्या पोझिशनला येतो. त्याच ओळीतला पंचम सहाव्याला. म्हणजे मास्तरांनी हात जवळपास पूर्ण ताणून धरायचा आणि तिथून अजून पुढं सरकवायचं, आणि ते पण हळूवार, भावनेनं! पंचम पहिल्या पोझिशनलाही मिळतो पण मग ओठांची ओळ बदलते, मींड तुटते, नुसती उडी होते.

दोनदा वाजवून बघितलं त्यांनी. तिसऱ्या वेळी नळी खाली ठेवून खांदा चोळायला लागले. "हे लग्नात असतं तर मी सरळ गाळलं असतं."

म्हणजे वाद्य काळी पाचचं म्हणून पीस पण काळी पाचमध्ये सोपा, हा माझा हिशोब पार येडपटपणा निघाला. मग आम्ही उलटं केलं. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या हाताला धैवत-पंचम कुठं सगळ्यात जवळ पडतो ते सांगा, मी षड्ज तिथून काढतो. त्यांनी क्षणभर पण विचार केला नाही, पहिली-दुसरी. नळी आत, आणि तिथून साधारण आठ सेंटीमीटर बाहेर. धैवत काळी पाच, पंचम पांढरी सहा. मग षड्ज आला पांढरी दोन.

डी मायनर.

त्यात गांधार-रिषभ पण बघितला, तार सप्तकात कोमल गंधार पहिल्याला आणि रिषभ दुसऱ्याला, तिथंही मनगटाच्या झटक्यात मींड होते. तार षड्जावरून कोमल निषाद, पहिली ते तिसरी, एकाच ओळीत. जणू कुणीतरी या पट्टीसाठीच नळी कापलीय असं वाटायला लागलं.

18 जानेवारी

सगळं चार पट्ट्या वर सरकवलं. स्ट्रिंग्ज लगेच उजळल्या, कारण व्हायोलिन काय, चेलो काय, सगळ्यांकडं डी आणि ए च्या मोकळ्या तारा आहेत. काळसरपणा गेला. थोडं वाईट वाटलं.

पण मग आठवलं की बीथोव्हेनचे चार ट्रॉम्बोनसाठीचे जे तीन छोटे पीस आहेत, 1812 साली लिंझमध्ये लिहिलेले, त्यातला पहिला डी मायनरच आहे. भावाकडं गेला होता तेव्हा तिथल्या कॅथेड्रलच्या संगीत प्रमुखानं लिहून मागितले. 2 नोव्हेंबरला त्यांच्याकडं मेलेल्यांचं स्मरण करतात, आपल्या सर्वपित्रीसारखं म्हणा, त्या दिवसासाठी. आणि 1827 मध्ये बीथोव्हेन स्वतः गेला तेव्हा त्यातलेच दोन त्याच्या अंत्ययात्रेत वापरले. त्यानं पट्टी नळी बघून घेतली का मूड बघून, काय की. पण ते ऐकताना रडकं अजिबात वाटत नाही, भारदस्त वाटतं, चार माणसं खांदा देऊन एका पावलानं चालल्यासारखं.

मूडच्या रकान्यातलं 'दुःखी' खोडलं. सध्या रिकामा.

22 जानेवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

कोमल धैवत आता पहिल्या पोझिशनला, म्हणजे नळी आत टेकलेली. मास्तर तिथं आंदोलन घ्यायला, म्हणजे सूर झुलवायला, गेले तर होईना, कारण नळी बाहेर नेता येते पण आत न्यायला जागाच नाही, सूर फक्त खाली हलतो, वर नाही. मी म्हटलं राहू द्या, सरळ घ्या. ते म्हणाले थांब.

आणि त्यांनी तोच सूर पाचव्या पोझिशनला, ओठ थोडे आवळून, वरच्या ओळीतून काढला. तिथं नळीला दोन्ही बाजूंना जागा. हळूहळू झुलवला, आणि मग तिथून सहाव्याला, पंचमावर. अंगावर काटा आला! म्हणजे हात परत लांबच गेला, पण यावेळी एकदाच, त्या एका जागेसाठी, तेव्हा त्यांची काही तक्रार नव्हती.

मला वाटलं आंदोलनामुळं भारी वाटतंय. घरी येऊन मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ट्यूनरला लावलं तर कळलं, तो धैवत नुसता झुलत नाहीये, उतरलेला पण आहे. त्या ओळीतले सूर म्हणजे मूळ सुराचा पाचवा अंश, मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा, आणि निसर्गतः पाचवा अंश पियानोच्या सुरापेक्षा 14 सेंट खाली पडतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, म्हणजे फरक तसा बारीक. पण दरबारी रागातला धैवत असाच उतरलेला आणि झुलता घेतात, आपल्या कानाला ती जागा ओळखीची आहे. नेहमी ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस नळी किंचित आत घेऊन तो सूर पियानोला जुळवतो. मास्तरांनी तो तसाच राहू दिला.

विचारलं तर म्हणाले, "तिथं बरा वाटतो म्हणून."

25 जानेवारी

शेवटचा सूर मी खालचा डी लिहिला होता, अगदी पाताळात, लॅपटॉपवर खतरनाक वाजायचा. म्युझस्कोअर तो लाल करून दाखवत होता, मी दुर्लक्ष केलं. मास्तर सगळी नळी बाहेर काढून सातव्या पोझिशनला गेले आणि तिथंच थांबले. "यापुढं नळी निखळून तुझ्या पायावर पडेल."

साध्या टेनर ट्रॉम्बोनचा नेहमीचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे सातव्या पोझिशनचा ई. त्याच्या खाली मधले काही सूर मिळतच नाहीत, मग एकदम पहिल्या पोझिशनचा पेडल बी फ्लॅट. ज्याला एफचा व्हॉल्व्ह जोडलेला असतो त्याला मधले सूर मिळतात, मास्तरांच्या वाद्याला कसला व्हॉल्व्ह. तो सूर बास ट्रॉम्बोनला दिला, लॅपटॉपातल्या. मास्तर आता मधल्या षड्जावर थांबतात आणि खालचा आवाज त्यांच्या खालून येतो. आधीपेक्षा हेच बरं झालं, पण ते माझं डोकं नाही.

29 जानेवारी

काम नाही. पाण्याचा दिवस, गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू, त्यांचा पण एक सूर आहे, बेसूर.

2 फेब्रुवारी

जोडून वाजवण्यावर दोन तास गेले. ट्रॉम्बोनची गंमत अशी की काहीच केलं नाही तर प्रत्येक दोन सुरांमधे मींड आपोआप येते, आणि सगळीकडं मींड म्हणजे नुसता ओला फराटा. म्हणून मधे जीभ लावायची, पण 'त' नाही, 'द'. मास्तरांना वरातीची सवय, तिथं 'त त त' करून ठोकावंच लागतं, नाहीतर डीजेपुढं काय ऐकू येणार. पहिले काही बार तसेच आले, खिळे ठोकल्यासारखे. मग मी म्हटलं पाळणा म्हटल्यासारखं घ्या, तर लगेच जमलं.

आवाज अजून मऊ हवा होता. याला म्यूट मिळतात, कर्ण्यात बसवायचे, पण इथं आणायचे कुठून आणि ऑनलाईनचा भाव बघून मी टॅब बंद केला. शेवटी आमच्या युनिटमधला सेकंडच्या मालातला एक टेरी टॉवेल होता बॅगेत, निर्यातीतून बाद झालेला, काठाला एक धागा ओढलेला. तो कर्ण्यावर अर्धा टाकला. पूर्ण टाकला तर गुदमरतो, अर्ध्यावर टाकला की वरची पत्र्यासारखी धार जाते आणि पोट राहतं. दुसऱ्या भागासाठी टॉवेल, शेवटच्या चढाला टॉवेल काढायचा. मास्तर एका हातानं नळी चालवणार आणि टॉवेल काढायला मी शेजारी उभा. स्कोअरमध्ये तसं लिहिलंय पण, बार 39, "टॉवेल काढा".

सोलापुरात बसून याहून चांगला म्यूट कुठं मिळणार होता.

8 फेब्रुवारी

टेम्पोचा निकाल लावला. तबला वाजवणारा मित्र आला होता, त्याला 48 वर ऐकवलं आणि म्हटलं बघ किती स्लो. तो हसायलाच लागला. "हे स्लो? काय बे! विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंद जाते, तुझी तर सव्वा सेकंदात संपली." खरंय. पण विलंबितात मात्रेच्या आत तबला भरत असतो, गाणारा मधे हवा तिथं श्वास घेतो, लय मोकळी असते. इथं माझा चेलो एकच सूर धरून बसलाय आणि त्याच्यावर एक माणूस फुंकतोय. इथं लय फार उतरवली तर पीस गंभीर होत नाही, नुसता थांबतो.

60 करून बघितलं. एकदम चालायला लागला, जवळजवळ प्रार्थना म्हणत शाळेत निघाल्यासारखा. मग रात्री एकेक आकडा खाली येत 54 वर थांबलो. 54 ला एक बार साधारण 4.4 सेकंद, तीन बार 13 सेकंद आणि थोडे. मास्तरांचे हळू आवाजातले 17 सेकंद, त्यातून मींड, आंदोलन आणि वयाचे थोडे वजा केले तर 13 हा बरोबर आकडा. खालच्या जोरकस ओळी दोन बारच्या, 8.9 सेकंद, काठावर आहेत पण त्यांना दोन्ही बाजूंना श्वास दिलाय. म्हणजे आता ओळी तीन आणि दोन, तीन आणि दोन अशा येतात, आधीसारख्या चार-चार नाहीत. यानं एक गोष्ट अशी झाली की ऐकणाऱ्याला ओळ कधी संपणार याचा अंदाजच येत नाही. लिहायला बसलो असतो तर असं सुचलं नसतं, हे स्टॉपवॉचनं लिहिलंय.

एकूण 58 बार, 4 मिनिटं 18 सेकंद.

15 फेब्रुवारी

रेकॉर्डिंग. सकाळी सहाला, कारण सातला समोरचे पॉवरलूम चालू होतात आणि मग खटखट-खटखट काही थांबत नाही. खोली गार, ट्रॉम्बोन रात्रभर गार पडलेला, ट्यूनरवर 15 सेंट खाली. हवा गार असली की आवाज हळू चालतो आणि फुंकीच्या वाद्याचा सूर उतरतो, शून्य अंशाला वेग सेकंदाला 331 मीटर, 20 अंशाला 343. मास्तर वीस मिनिटं नुसती गरम फुंक मारत बसले, मग आला जाग्यावर. तोवर साडेसहा.

म्हणजे हातात तीस मिनिटं. चार टेक झाले. पहिल्यात मी टॉवेल काढायला विसरलो. दुसऱ्यात टॉवेल मास्तरांच्या नळीत अडकला. तिसरा चांगला होता पण बार 41 च्या आधी त्यांनी घेतलेला श्वास एवढा मोठा आलाय की खोलीत कुणी दार उघडल्यासारखं वाटतं. चौथा स्वच्छ.

घरी येऊन तिसराच ठेवला.

19 फेब्रुवारी

मिक्स करताना धैवतावर कायम काहीतरी खुपत होतं. तीन रात्री ईक्यू फिरवला, रिव्हर्ब बदलला, व्हायोलिनचं पॅनिंग बदललं, काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांचा धैवत 14 सेंट खाली आणि माझे सेकंड व्हायोलिन त्याच वेळी तोच बी फ्लॅट पियानोच्या जागेवर धरून बसलेत, मग भांडण होणारच. पहिला विचार आला तो असा की सॉफ्टवेअरनं ट्रॉम्बोनचा सूर वर ओढावा. ओढून बघितलं. जुळला, आणि मेला.

तो परत होता तसा केला आणि व्हायोलिनचाच सूर काढून टाकला. तिथं आता स्ट्रिंग्जमध्ये धैवत नाहीच, खाली फक्त डी आणि ए, षड्ज-पंचम, तानपुऱ्यासारखं. खुपणं गेलं. मधे जागा मोकळी राहिली आणि तो उतरलेला धैवत एकटाच तिथं उभा.

आईला ऐकवलं. यावेळी कोण गेलं असं विचारलं नाही. म्हणाली, "दमलाय बिचारा."

मूडच्या रकान्यात लिहून टाकलं: दमलेला.

23 फेब्रुवारी

लग्नाचा सीझन पेटलाय. मास्तर आज अक्कलकोटला, उद्या बार्शीला. फाईल व्हॉट्सॅपवर पाठवली, दुपारी वरातीच्या मधल्या वेळात त्यांनी ऐकली असणार, कारण मागे घोडा खिंकाळल्याचा आवाज असलेला व्हॉईस मेसेज आला: "छान केलंय रे बाळा, पण मी कुठंय? नुसत्या व्हायोलिनी ऐकू येतायत."

मोबाईलच्या स्पीकरला खालचं काही ऐकू येत नाही हे खरंय, हेडफोन लावा म्हणून सांगता आलं असतं. पण मग 14 जानेवारीची नोंद वाचली. आज रात्री सगळ्या स्ट्रिंग्ज 3 डेसिबल खाली, आणि बार 39 नंतर अजून 2.